खेळाचा संगणक महाग का झाला?

मुलाने खेळासाठी संगणक मागितला की घरातील वडीलधारी दोन प्रश्न विचारतात. याला एवढे पैसे कशाला? आणि यातून मिळणार काय? आपल्या बेटावरील मराठी घरांनाही हे प्रश्न नवे नाहीत. त्यांची उत्तरे शोधताना संयुक्त अरब अमिरातीकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

दुसरा प्रश्न आधी घेऊ. दुबईच्या सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये संगणकीय खेळांसाठी दहा वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला. २०३३ पर्यंत या क्षेत्रात ३०,००० नवे रोजगार निर्माण करावयाचे आणि जगातील पहिल्या दहा शहरांत स्थान मिळवावयाचे, असा त्याचा संकल्प आहे. म्हणजे ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, त्याला तेथील राज्यकर्ते उद्योग मानतात.

आता पैशाचा प्रश्न. बर दुबईतील खालिद बिन अल वलीद रस्ता संगणकाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. सुटे भाग निवडून संगणक जुळवायचा तर सर्वांत मोठा खर्च ग्राफिक्स कार्डाचा. एन्व्हिडिया कंपनीने २०१७ मध्ये आपले जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरला आणले. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आले ते १,५९९ डॉलरला आणि जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५०९० आले ते १,९९९ डॉलरला. दिरहॅममध्ये ही रक्कम करापूर्वीच ७,३०० च्या वर जाते. शिवाय हे कार्ड ५७५ वॉटपर्यंत वीज घेते आणि तिची उष्णता खोलीतच सोडते. दुबईच्या उन्हाळ्यात ती उष्णता बाहेर काढण्याचे बिल वेगळे.

भाव असे का चढले? आमच्या मते याचे मुख्य कारण असे की, आता या बाजाराचा मोठा गिऱ्हाईक खेळाडू राहिलेला नाही. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात एन्व्हिडियाला खेळाच्या विभागातून सुमारे ११ अब्ज डॉलर मिळाले, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणक-केंद्रांतून सुमारे ११५ अब्ज. या केंद्रांना मेमरीही अफाट लागते. म्हणून २०२५ च्या अखेरीस साध्या संगणकाच्या मेमरीचे भाव अनेक ठिकाणी दुपटीहून वर गेले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये, किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली.

गंमत अशी की, मे २०२५ मध्ये ५ गिगावॉटच्या अशाच प्रचंड केंद्र-संकुलाची घोषणा झाली ती अबू धाबीत! एक अमिरात खेळाडूंना बोलावते आणि शेजारची अमिरात, खेळाडूला लागणारे भाग ज्यामुळे महागतात त्या मागणीत भर घालते. दोन्ही धोरणे आपापल्या जागी योग्य असतील. भार मात्र खेळाडूच्या खिशावर पडतो.

खेळाडूंमध्येही वाद आहे. जानेवारी २०२५ मध्ये एन्व्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले की, ५४९ डॉलरचे नवे कार्ड जुन्या १,५९९ डॉलरच्या कार्डाची बरोबरी करील. पण त्या बरोबरीत कार्डाने प्रत्यक्ष रेखाटलेल्या एका चित्रामागे यंत्राने अनुमानाने भरलेली तीनपर्यंत चित्रे धरली होती. ‘ही खोटी चित्रे’, असे एक पक्ष म्हणतो. ‘डोळ्यांना खेळ सुरळीत दिसला, मग हरकत काय?’ असे दुसरा विचारतो. आम्हाला पहिल्या पक्षाची शंका रास्त वाटते. दृश्य सुरळीत झाले, तरी हाताला मिळणारा प्रतिसाद तेवढ्या प्रमाणात जलद होत नाही. अशा दाव्यावर विसंबून किंमत मोजू नये.

तेव्हा पालकांनी नकार देण्याची घाई करू नये, आणि मुलांनी सर्वांत वरच्या यंत्राचा हट्ट धरू नये. व्हॅलोरंटसारखे चुरशीचे खेळ साधारण संगणकावरही चालतात. दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाकडून भाग मागवायचा असेल, तर त्याची हमी आपल्या देशात चालते का हे आधी विचारावे. आणि मुलाला एक प्रश्न अवश्य करावा: या यंत्रावर तू नुसता खेळणार, की चित्र, संगीत, संगणकाची भाषा यांपैकी काही शिकणारही? दुबई ज्या ३०,००० रोजगारांची गोष्ट करते, ते महागडे यंत्र बाळगणाऱ्यासाठी नसून खेळ घडविणाऱ्यासाठी आहेत. ते शिक्षण मध्यम किमतीच्या संगणकावरही सुरू होऊ शकते.