‘सेवक’ नेमके कोण?

रॉबर्ट ग्रीनलीफ हे अमेरिकेतील एका बलाढ्य टेलिफोन कंपनीत आयुष्यभर चाकरी केलेले गृहस्थ. नेता हा आधी सेवक असला पाहिजे, असे त्यांनी १९७० साली एका निबंधात मांडले. ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र झाली काय, ही त्यांची कसोटी. व्यवस्थापनशास्त्राचे वर्ग आज हा विचार भरघोस फी घेऊन शिकवितात!

महाराष्ट्राला तो विकत घेण्याचे कारण नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. तेथे मुले एका पंगतीत जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही. ही कथा व्यासपीठावरून इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यातला हिशेब कोणी पाहतच नाही. तोटा नेतृत्वाच्या घरात जिरला, लाभ रयतेच्या पोरांकडे गेला. शिवाय ‘कमवा व शिका’ योजनेमुळे पोरगा कोणाचा मिंधा राहिला नाही. ग्रीनलीफच्या कसोटीला याहून चोख उत्तर ते काय असणार?

१९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयांचे पेव फुटले आणि हा हिशेब उलटला. किती तरी ठिकाणी संस्था एका घराण्याची झाली. तिचा चालक ‘शिक्षणमहर्षी’ म्हणवू लागला. मग ‘सेवक’ हा शब्द कोणाच्या वाट्याला आला? राज्य शासनाने २००० साली ‘शिक्षणसेवक’ निर्माण केला. वेतनश्रेणी नाही, तीन वर्षे केवळ मानधन. प्राथमिक शाळेत ते आरंभी दरमहा ३,००० रुपये होते, २०२३ साली १६,००० झाले. काम मात्र पूर्ण शिक्षकाचे. सेवेचे पुण्य सर्वांत दुबळ्याच्या माथी मारून श्रम स्वस्त करण्याची ही युक्ती आहे.

तेव्हा नुसत्या सेवाभावाच्या गौरवाने समाजवाद्याचे समाधान होऊ नये. सज्जन सेवकालाही जाब विचारण्याची, प्रसंगी बदलण्याची सोय हवी. नाही तर त्याच्या पश्चात खुर्ची वारसाकडे जाते. शिक्षक संघटनांत काम करणाऱ्या आपल्या साथींनी दोन मागण्या धसास लावाव्यात: मानधनाचा काळ रद्द करून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतन, आणि प्रत्येक संस्थेच्या नियामक मंडळावर शिक्षकांनी व शिपायांनी निवडलेले प्रतिनिधी. सभेच्या सतरंज्या वर्षानुवर्षे तेच कार्यकर्ते उचलतात, त्यांच्यापैकी किती जण आपल्या जिल्हा समित्यांवर आहेत, तेही याच निमित्ताने मोजून पाहावे.