अपिलाची वर्गणी

जुम्म्याची नमाज आटोपून बाहेर आलो, तर चपलांच्या मांडणीजवळ एक ओळखीचे भाई वही घेऊन उभे. मशिदीच्या गिलाव्याची वर्गणी असेल म्हणून मी खिशात हात घातला. ते म्हणाले, "अपिलासाठी आहे." कुणाच्या? तर ओळखीतल्याच एका पोराच्या. इस्लामपूरच्या सत्र न्यायालयानं त्याला दोन गोष्टींसाठी दोषी धरलं होतं. एक, बायकोला मारहाण आणि छळ. दुसरी, अटक करायला आलेल्या पोलिसांशी झटापट. आता कोल्हापूरला जायचं, चांगला वकील लावायचा, त्याला पैसा लागतो. "पोलिसांनी लई वाईट वागवलं त्याला. आईच्या डोळ्यांदेखत फरफटत नेलं," भाई म्हणाले.

मी विचारलं, "आणि ती कशी आहे?"

"कोण?" ते म्हणाले.

त्या एका "कोण?"साठी हे लिहायला बसलो. नाव, गल्ली, साल यातलं काही सांगणार नाही. सांगायची गरजही नाही. कराड, मिरज, आष्टा, तासगाव, कुठल्याही मोहल्ल्यात हा लेख वाचणाऱ्याला वाटेल की हे आपल्याच गल्लीतलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढे कुणी मला "सरकारी मुसलमान" म्हणायला नको. अपील करायला माझा विरोध नाही. खालच्या कोर्टानं दोषी ठरवलेल्या प्रत्येक माणसाला वरच्या कोर्टात जायचा हक्क आहे, त्यानं काहीही केलेलं असो. हा हक्क काय मोलाचा आहे हे मुसलमानाला कुणी शिकवायची गरज नाही. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात खालच्या कोर्टानं १२ जणांना दोषी धरलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. मधे १९ वर्षं गेली. त्यातला एक जण तर तोवर तुरुंगातच वारला होता. अपील नसतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

पुण्याचा मंजुश्री सारडा खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. लग्नाला चार महिने झालेली मुलगी जून १९८२ मध्ये सायनाइडनं मेली. पुण्याच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी दिली, उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडून दिलं. खून झाला की आत्महत्या, हे संशयापलीकडे सिद्ध झालेलं नाही, असं कोर्ट म्हणालं. महाराष्ट्रातल्या बायका त्या निकालानं पेटून उठल्या आणि त्यांचा संताप मला आजही पटतो. त्या मुलीनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टापुढे होती. तिचं दुःख कुणी नाकारलं नव्हतं. पण नुसत्या दुःखाला लावता येईल असं कलमच तेव्हा नव्हतं. ४९८-अ कायद्यात आलं डिसेंबर १९८३ मध्ये, ती गेल्यावर दीड वर्षानं. त्याच निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या घालून दिल्या, त्या आज देशातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या फौजदारी अपिलात वाचल्या जातात. आपल्या निरपराध पोरांना सोडवायलाही त्याच कामाला येतात. म्हणजे अपील ही अशी कडू-गोड गोष्ट आहे. मला ती दोन्ही चवींसकट हवी आहे.

तेव्हा प्रश्न अपिलाचा नाही, वर्गणी गोळा करताना आपण जी गोष्ट सांगतो तिचा आहे.

भाईंच्या गोष्टीत पोलीस होते, आई होती, पोरगा होता, गल्लीची बेइज्जती होती. पोलीस दारात का आले, एवढंच त्यात नव्हतं. ते आले कारण आतून एका बाईच्या ओरडण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी फोन लावला. गोष्टीतला हा पहिला प्रसंग कापला की उरतो तो फक्त जुलूम, आणि जुलमाविरुद्ध वर्गणी द्यायला कोण नाही म्हणेल?

गंमत अशी की कायदाही याच वजनकाट्यानं मोजतो. ४९८-अ खाली जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. साध्या मारहाणीला, म्हणजे जुन्या ३२३ कलमाला, एक वर्ष. सरकारी नोकराला कामात जोर करून अडवलं तर ३५३. त्याला मुळात दोन वर्षं होती. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये दुरुस्ती करून ती पाच केली आणि खटला थेट सत्र न्यायालयात नेला. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या १३२ कलमात पुन्हा दोन वर्षं आली, ते वेगळं. पण मधली सहा-सात वर्षं आपल्या राज्याचा हिशेब असा होता, की वर्षानुवर्षं बायकोचा छळ केलात तर तीन, हवालदाराला ढकललंत तर पाच. वर्दी स्वतःची किंमत स्वतः ठरवते. तिनं ती चढी ठरवली.

सरकार म्हणतं, पोलिसाच्या अंगाला हात लागला हा मोठा गुन्हा. मोहल्ला म्हणतो, पोलिसानं आमच्या अंगाला हात लावला हा मोठा गुन्हा. भांडण जोरात आहे, पण दोघांचंही एका बाबतीत पूर्ण एकमत आहे: गोष्टीचा नायक पोलीसच. बाई दोन्हीकडे नाही.

आता पोलिसांबद्दल. ते आपल्या वस्तीत कसे वागतात हे मला माहीत आहे. मीही याच वस्तीत वाढलो. म्हणूनच म्हणतो, की अपिलातल्या त्या अर्ध्या भागावर खरोखर लढायचं असेल तर नीट लढा. फरफटत नेलं, फरफटत नेलं, एवढं ओरडून काही होत नाही. विचारा, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यायची आणि अटक का गरजेची ते लिहून ठेवायचं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सांगितलं, ते पाळलं का? अटकेचा पंचनामा केला का, त्यावर घरच्या किंवा गल्लीतल्या कुणाची सही घेतली का? डी. के. बसू निकालानं १९९६ पासून ते बंधनकारक केलं आहे. वैद्यकीय तपासणी कधी झाली? पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण मागितलं का? अटकच बेकायदा असेल तर झटापटीचा आरोप ढिला पडतो, हा कायद्यातला खरा मुद्दा आहे आणि कदाचित त्या पोराला त्याचा फायदाही मिळेल. मिळावा. माझी त्याला ना नाही.

पण त्यानं दुसरा आरोप धुतला जात नाही. पोलिसाची लाठी बेकायदा ठरली म्हणून नवऱ्याचा पट्टा कायदेशीर होत नाही. दोन आरोप, दोन पुरावे. न्यायाधीश ते वेगवेगळे वाचतील. आपण मात्र पहिल्याचा चिखल दुसऱ्यावर थापून सगळंच झाकू बघतो.

इथं हमखास एक चाचा उठतात आणि म्हणतात, ४९८-अ चा गैरवापर होतो. होतो. सर्वोच्च न्यायालयानंही हे एकापेक्षा जास्त वेळा बजावलं आहे. पण हे वाक्य खटल्याच्या आधी बोलायचं असतं. इथं खटला पुरा झाला आहे. ती साक्षीला उभी राहिली, तिची उलटतपासणी झाली, दवाखान्याचे कागद दाखल झाले, कोर्टानं विश्वास ठेवला. तो विश्वास चुकीचा असेल तर वकील साक्षीतल्या ओळीवर बोट ठेवून दाखवेल. "बायका खोटं बोलतात" हा काही अपिलाचा मुद्दा होत नाही.

दुसरे चाचा धर्म काढतात. नवऱ्याला हक्क आहे, वगैरे. त्यांच्याशी तफसीरवर वाद घालायला मी आलीम नाही. एवढंच विचारतो, की हजरत आयेशांची जी साक्ष सहीह मुस्लिममध्ये आहे, पैगंबरांनी कधी बाईवर किंवा नोकरावर हात उचलला नाही ही, ती आपल्या मशिदीत खुतब्यातून शेवटची कधी ऐकलीत? मला आठवत नाही.

वर्गणीचा आणखी एक उपयोग असतो, तो वहीत लिहिलेला नसतो. निकाल लागल्यावर दोन-तीन वडीलधारे तिच्या माहेरी जातात. चहा होतो. "घर की बात घर में रैने दो बेटा," म्हणतात. मुलांचं नाव निघतं. मग एक कागद पुढे येतो, आमची तडजोड झाली, माझी काही तक्रार नाही. कायदा याला एवढा सोपा नाही. ४९८-अ आपल्याकडे आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. शिक्षा झाल्यानंतरच्या तडजोडीवर ती शिक्षा सहसा रद्द करू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं नागपूरला २०२१ मध्ये सांगितलं आहे. शिक्षा किती ठेवायची हे ठरवताना मात्र त्या कागदाचा उपयोग होऊ शकतो, आणि वडीलधाऱ्यांचा डोळा नेमका तिथे असतो. तिच्या सहीची किंमत काय? पोटगीचा शब्द, राहायला खोली, मुलांची फी. म्हणजे जे तिला कायद्यानं मिळायलाच हवं तेच. तेही तोंडी.

अपिलात तिचं स्थान काय असतं हे एकदा बघा. नवी साक्ष सहसा होत नाही. कोर्ट जुने कागद वाचतं, ती तिथं कागदातच असते. सरकारी वकील सरकारचा. आरोपी सुटला तर तिला स्वतः अपील करता येतं, पण शिक्षा कमी झाली म्हणून वाढवून मागायला तिला अपील नाही. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन खालचं कोर्टच देतं. मग वरचं कोर्ट अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवतं. हे सगळं रीतसर आहे. पण याचा रोजच्या जगण्यातला अर्थ असा, की "अपील चालू आहे" म्हणजे तो घरी आहे आणि ती बाहेर आहे, वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं.

जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाचं नाव ईश्वरपूर करायची घोषणा विधानसभेत झाली. तेव्हा टपरीवर, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर आपण काय काय बोललो! गावाच्या नावात आपण आहोत की नाही, याचं दुखणं मलाही झालं. पण त्याच गल्लीत एक बाई स्वतःच्या घराबाहेर काढली गेली, तिच्या नावावर एकही मेसेज फिरला नाही. तिचं नाव तर भाईंना पटकन आठवलंही नाही.

त्या दिवशी मी भाईंना म्हणालो, वहीत दुसरं पान करा. एका पानावर त्याचं अपील, दुसऱ्यावर तिचा आणि मुलांचा खर्च. दोन्हीकडे सारखी रक्कम घालतो. त्यांनी वही मिटली. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "तुम्ही लिहिणारी माणसं." पुढच्या जुम्म्याला ते मला टाळून गेले.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे. सांगली, साताऱ्याच्या लोकांना आता मुंबईचे हेलपाटे नाहीत. त्याचा वकील सकाळी निघून संध्याकाळी परत येईल. तिलाही एसटीनं जाता येईल, तारखेला मागच्या बाकावर बसून आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते ऐकता येईल. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जायचं. १९८७ च्या कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिच्या माहेरचं कुणी हे वाचत असेल, तर सोमवारी सकाळी तिच्यासोबत जा.