विश्लेषण : दलित ख्रिस्ती आणि ‘तिसऱ्या परिच्छेदा’चा तिढा

नवी दिल्ली : मद्रासमधील सूसाई हे रस्त्याच्या कडेला बसून पादत्राणे दुरुस्त करणारे चर्मकार. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अशा अनुसूचित जातींतील कारागिरांना मोफत टपरी देण्याची योजना तेथे राबविण्यात आली. सूसाई यांना मात्र टपरी नाकारण्यात आली. जन्माने ते आदि-द्रविड असले, तरी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. या टपरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये सूसाई हरले. चार दशके उलटली, तरी त्या खटल्यातील प्रश्न आजही न्यायालयात आणि आयोगापुढे घुटमळत आहे.

या वादाचे मूळ राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४१ अन्वये १९५० मध्ये निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील नवबौद्धांना केंद्रीय सवलतींचे दार उघडले ते या दुसऱ्या दुरुस्तीमुळेच. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. ख्रिस्ती झालेला आदिवासी आदिवासीच राहतो.

दर्जा गेला की केवळ नोकरीतील आरक्षण जात नाही. लोकसभेच्या ८४ राखीव मतदारसंघांतून उमेदवारी करण्याचा अधिकार जातो आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही जाते. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका पाद्रीच्या तक्रारीवरून दाखल झालेला गुन्हा नेमक्या याच कारणाने रद्द केला. जातिवाचक शिवीगाळ करणारा समोरच्याचा धर्म विचारून थांबत नाही. कायदा मात्र तो विचारतो. अनेक राज्यांनी धर्मांतरितांना इतर मागासवर्गांत स्थान दिले आहे, पण त्या प्रवर्गात ना राखीव मतदारसंघ आहेत, ना अत्याचारविरोधी कवच.

सूसाई खटल्यात न्यायालयाने जात धर्मांतरानंतरही टिकते, ही शक्यता नाकारली नव्हती. जातीमुळे येणारी वंचितता नव्या धर्मसमाजातही तितक्याच तीव्रतेने कायम आहे, याचा पुरावा समोर नाही, एवढेच तिचे म्हणणे. येथेच चर्चची कोंडी होते. हक्क मिळवायचा तर आपल्याच घरातील अस्पृश्यता सिद्ध करावी लागते. तमिळनाडूत दलित ख्रिस्तींसाठी वेगळ्या दफनभूमी आणि तिरुचिरापल्लीतील कब्रस्तानात उभी असलेली भिंत, ही उदाहरणे वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील भेदभावाची कबुली दिली. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे देशातील पहिले दलित कार्डिनल झाले ते २०२२ मध्ये. समतेचा संदेश देणाऱ्या संस्थेला इतका काळ लागावा, ही बाब तिच्या टीकाकारांपेक्षा तिच्या दलित सदस्यांना अधिक बोचते.

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दर्जा आणि धर्म यांची फारकत करण्याची शिफारस केली. एका सदस्याने मात्र भिन्नमत नोंदविले. केंद्राने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा अहवाल सदोष असल्याचे सांगितले आणि ख्रिस्ती व इस्लामी समाजांत तशी अस्पृश्यता नव्हती, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमण्यात आला. दोन वर्षांची मूळ मुदत पुढे वाढविण्यात आली. विरोधाचा आवाज केवळ सत्ताधाऱ्यांचा नाही. केंद्रातील १५ टक्के वाट्यात नवे भागीदार आल्यास आपला हिस्सा आक्रसेल, ही हिंदू दलित संघटनांची धास्ती खरी आहे आणि एकूण वाटा वाढविण्याबाबत कोणताही मोठा पक्ष ठामपणे बोलत नाही.

न्यायालयीन निर्णयांतून एक विचित्र वाट मात्र खुली राहिली आहे. धर्मांतरित व्यक्ती वा तिची संतती हिंदू धर्मात परतली आणि मूळ जातीने तिला स्वीकारले, तर अनुसूचित दर्जा पुन्हा मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. तिचे दारिद्र्य, वस्ती, शेजार यांत परतण्यापूर्वी आणि नंतर काहीच फरक पडलेला नसतो. मात्र २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका नोकरीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, श्रद्धा ख्रिस्ती ठेवून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही घटनेची फसवणूक ठरवली. म्हणजे अनुच्छेद २५ ने दिलेले श्रद्धेचे स्वातंत्र्य दलित ख्रिस्ती वापरू शकतो, पण त्याची किंमत जातीच्या दाखल्यावर लिहिलेली असते. ती किंमत राज्याने वसूल करावी का, याचा निर्णय २००४ पासून प्रलंबित असलेल्या याचिकांमध्ये व्हायचा आहे.