उघडें दार

घरांत दोन वेळां पूजा होते, सायंकाळीं मुलें शुभंकरोति म्हणतात, वर्षांतून एकदां सत्यनारायण होतो. तरी घरांत कोणाच्याहि मनाला स्वास्थ्य नाहीं, हें कसें? असा प्रश्न एका वाचकभगिनीनें आम्हांस पत्रानें विचारला आहे. पत्र अवघें चार ओळींचें आहे. त्यांत कोणाविषयीं तक्रार नाहीं, सल्ल्याची मागणीहि फारशी नाहीं. परंतु तें हातीं घेऊन आम्ही दोन दिवस ओसरीवर नुसते बसून होतों. कारण ह्याच प्रश्नानें कांहीं वर्षांपूर्वीं आमचीहि झोंप उडविली होती. उत्तर म्हणण्याजोगें जें कांहीं आम्हांस सांपडलें तें अशा ठिकाणाहून आलें, कीं तें सांगितल्यानें आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. पडो. सांगितलें पाहिजे.

सन २०२१ च्या चैत्रांत आमचे धाकटे बंधु करोनाच्या तापानें रुग्णालयांत पडले होते. भेटीस जाण्याची मुभा कोणासच नव्हती. जळकोटास आमचें एकत्र कुटुंब. सकाळसंध्याकाळ सतरा-अठरा पानें मांडावीं लागतात. त्या दिवसांत पानें मांडलीं जात, पण जेवण कोणाच्या घशाखालीं उतरत नसे. वडील काकूंनीं महामृत्युंजयाचा जप आरंभिला. आम्ही विष्णुसहस्रनामाचीं आवर्तनें करावयास बसलों व तीं मोजण्यासाठीं ताम्हनाशेजारीं हरभरे मांडले. दोन-तीन दिवसांत आमच्या ध्यानांत आलें, कीं जिभेवर नांवें आहेत, पण मन हरभरे मोजीत आहे. आणि त्याच्याहि खालीं आणखी एक मन बसलें असून तें निराळाच हिशेब करीत आहे. रोज सायंकाळीं रुग्णालयांतून रक्तांतील प्राणवायूचा आंकडा फोनवर कळे. तो चढला कीं आमचीं आवर्तनें पावलीं. उतरला कीं आमचें कोठें तरी चुकलें, एखादा विसर्ग गिळला गेला असावा, बसण्याची दिशा चुकली असावी. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें आणि देवापुढें बसून केलें तें गणित! दोष सहस्रनामाचा नव्हे. आम्ही देवाशीं व्यापार मांडला होता, आणि व्यापाऱ्याला रात्रीं झोंप कोठून येणार?

बंधु बरे होऊन घरीं आले. पुष्कळ दिवसांनीं अंगांत बोलण्याइतकी शक्ति आल्यावर त्यांनीं एक हकीकत सांगितली. रात्रपाळीस एक ख्रिस्ती परिचारिका असे. पहिल्याच रात्रीं तिनें विचारलें, “काका, तुमच्यासाठीं प्रार्थना केली तर चालेल ना?” बंधूंनीं मानेनेंच होय म्हटलें. ती दोन खाटांच्या मध्यें उभी राहिली आणि घरांतल्या वडील माणसाशीं बोलावें तसें साध्या मराठींत बोलूं लागली. ह्या दोघांना बरें कर, डॉक्टरांस नीट सुचूं दे, माझ्या हातून चूक होऊं देऊं नको. आणि शेवटीं, तुला योग्य दिसेल तें होऊं दे. एवढेंच. मग ती सलाईन बदलावयास गेली.

पांचव्या रात्रीं शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ गेले. सहाव्या रात्रीं ती पुन्हां त्याच जागीं येऊन उभी राहिली. गेलेल्या गृहस्थांच्या बायकोमुलांचें नांव घेतलें, बंधूंचें घेतलें, आणि शेवटचें तें वाक्य जसेंच्या तसें म्हटलें. बंधूंस राहवलें नाहीं. ते म्हणाले, “सिस्टर, त्यांच्यासाठीं तुम्ही रोज मागत होतां. मिळालें नाहीं. मग हें पुन्हां कसें म्हणवतें?”

“काका, मीं मागितलें होतें, सौदा केला नव्हता,” ती म्हणाली. “आणि रात्रभर मला चौदा माणसें पाहायचीं असतात. सगळें माझ्याच हातांत आहे असें धरलें तर माझे हात कांपतील.”

त्या रात्रीं बंधूंस प्रथम गाढ झोंप लागली. ताप तेवढाच होता, प्राणवायूचा आंकडाहि तोच होता. हें ते मुद्दाम सांगतात. हकीकत ऐकून ओसरीवर कोणी बोललें नाहीं. आमच्या मनांत हरभऱ्यांचें ताम्हन आलें. शेवटीं काकूच म्हणाल्या, “उद्यां तिच्या नांवानें एक तुळशीचें पान वाहा.”

त्यानंतर आम्हीं कपाटांतून पंडिता रमाबाईंचें चरित्र पुन्हां काढलें. तरुणपणीं तें वाचलें होतें तें वादासाठीं. आतां त्यांतला वाद बाजूस ठेवून वाचलें. रमाबाई अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या कन्या. जन्म १८५८. वडिलांनीं त्यांच्या आईस संस्कृत शिकविलें, आईनें मुलीस. तें कुटुंब तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत ह्या विद्वान कुटुंबावर उपासमार आली. जवळ होतें तें दानधर्मांत गेलें. उपोषणें केलीं, तीर्थस्नानें केलीं, पाठ केले. अखेर झाडाचीं पानें खाण्याची वेळ आली आणि थोड्याशा अंतरानें आईबाप दोघेहि गेले. १८७८ त कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें, तिनें चार वर्षांपूर्वीं हें पाहिलें होतें. पुढें भाऊ गेला, विवाहानंतर दोन वर्षांच्या आंत पति गेला. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें आमचे लोक पुस्तक मिटतात. कोणी रागानें, कोणी विजयानें. परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. रमाबाईंनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे, कीं बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षें त्यांच्या मनाला शांति नव्हती. ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्याचा आशय. म्हणजे नवा ग्रंथ, नवी उपासना, नवी मंडळी हीं सर्व येऊनहि जें यावयाचें तें आलें नव्हतें. एका पंडितेनें हें छापून कबूल करावें ह्याचें आम्हांस फार कौतुक वाटतें. आमच्यापैकीं कोण असें लिहील, कीं चाळीस वर्षें संध्या केली आणि चित्त होतें तेथेंच आहे? मग १८९१ च्या आगेंमागें, आपल्या हातून कांहीं सिद्ध करून दाखविण्याची धडपड सोडून त्यांनीं आपला भार देवावर टाकला, आणि स्वास्थ्य आलें.

ह्याच काळांतली ती दाराची गोष्ट. १८८९ च्या मार्चांत त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. बालविधवांस शिकवावयाचें, आणि धर्माच्या बाबतींत कोणावर दडपण आणावयाचें नाहीं, असा करार होता. रमाबाई सकाळीं आपल्या खोलींत मुलगी मनोरमा हिला घेऊन प्रार्थना करीत. पण खोलीचें दार लावीत नसत. सदनांतल्या कांहीं मुली उंबऱ्याशीं येऊन बसूं लागल्या, मग आंत येऊं लागल्या. पुण्यांत गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे सल्लागार मंडळांतून १८९३ त बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुलींस पालकांनीं काढून नेलें.

पालकांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं मुली पाठविल्या त्या कराराच्या भरंवशावर, आणि पुढें सदनांतल्या कांहीं मुली ख्रिस्ती झाल्या हेंहि खरें आहे. रानडे-भांडारकर कांहीं सोंवळ्याचे अभिमानी नव्हते, दोघेहि प्रार्थनासमाजाचे. तेव्हां त्यांचें दुखणें वरवरचें नव्हतें. परंतु ह्या वादांत एक प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. त्या मुली उंबऱ्याशीं कां आल्या? लहान वयांतच विधवा झालेल्या पोरी त्या. घरांत मंगलकार्य निघालें कीं त्यांनीं आडोशास जावें, कुंकवाला त्यांचा हात लागूं नये. देवाशीं बोलावयाचें तें भटजींनीं, मुहूर्त पाहून, त्यांना न समजणाऱ्या भाषेंत. आणि येथें एक विधवा बाई, त्यांच्यासारखीच, सकाळच्या कामांतून पांच मिनिटें काढून देवाशीं बोलते. रडूं आलें तर रडते. आणि दारहि लावून घेत नाहीं. शिकवणुकीपेक्षां ह्या दृश्यानेंच त्यांस ओढलें असावें, असें आमचें मत आहे. आमच्या घरांतून कोणी तसें दार उघडें ठेविलें असतें, तर त्या कोठें गेल्या असत्या?

देवावर भार टाकणें म्हणजे हातपाय गाळणें नव्हे, हें पाहावयाचें असेल तर केडगांव पाहावें. अमेरिकेंतल्या मंडळानें दहा वर्षें पैसा देण्याचें पत्करलें होतें, ती मुदत १८९८ त संपत होती. त्याच्या ऐन तोंडावर, १८९६-९७ च्या दुष्काळांत, रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों उपाशी मुली घेऊन आल्या. आईबाप गेले त्या दुष्काळाची आठवण त्यांच्या पायांस होती, असें आम्हांस वाटतें. केडगांवच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना घातला. १९०० च्या सुमारास तेथें हजाराच्या वर माणसें जेवीत होतीं. उद्यांचें धान्य कोठून येईल हें ठाऊक नसतां प्रार्थना करावयाची आणि उजाडल्यावर हिशेबाची वही उघडावयाची, असा त्यांचा क्रम. अखेरचीं वर्षें हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांस कळेल अशा मराठींत बायबल उतरविण्यांत गेलीं. छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या बायकाच होत्या. आणि प्रार्थना केली कीं सर्व मिळतें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं १९२१ सालाकडे पाहावें. त्या सालीं जुलैंत मनोरमा गेली. एकुलती मुलगी, कामाची सर्व भिस्त तिच्यावर. त्यापुढें रमाबाई नऊ महिनेहि जगल्या नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं गेल्या.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट निराळी. देवावर हवाला टाकण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हातीं आलेला पैसा ते दुसऱ्यास देऊन मोकळे होत आणि रात्रीं चूल पेटवावयाची लक्ष्मीबाईंनीं! ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना आम्हांस हंसूं येतें आणि लाजहि वाटते. घरांतल्या पुरुषाचें ईश्वरावलंबन पुष्कळदां बायकोच्या काटकसरीवर उभें असतें. १९१७ त टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हां लक्ष्मीबाईंची श्रद्धा अधिक कीं टिळकांची, हा निवाडा आम्ही आमच्या वाचकभगिनींवर सोंपवितों. त्या आमच्यापेक्षां अधिक जाणत्या आहेत.

आमच्या शास्त्रांत हें नाहीं काय? आहे. वैष्णव आचार्यांनीं शरणागतीचीं सहा अंगें सांगितलीं, त्यांत एक ‘आत्मनिक्षेप’, म्हणजे ठेव ठेवावी तसें स्वतःस ठेवून देणें. आणि एक ‘कार्पण्य’. मराठींत कृपण म्हणजे चिक्कू, म्हणून मुलें वर्गांत हंसत. तेथें त्याचा अर्थ आपल्यापाशीं कांहीं नाहीं हें ओळखणें असा आहे. हा पाठ आम्हीं दुसऱ्यांस शिकविला. स्वतः मात्र एका परिचारिकेकडून शिकलों. आमच्याच घरांतली वस्तु शेजाऱ्यानें दाखवावी आणि मग ती आपल्यास दिसावी, तशांतला हा प्रकार. ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तीहि आम्हीं मत्तयाच्या शुभवर्तमानांत काढून वाचली. ती इतकी लहान आहे, कीं तींत मागण्यांची यादी मावतच नाहीं. अन्न मागितलें आहे तेंहि त्या दिवसापुरतें. पगाराच्या माणसास ही एका दिवसाची मागणी चमत्कारिक वाटते. आमच्या बालाघाटाच्या माथ्यावरच्या शेतकऱ्यास ती वाटणार नाहीं. तो वखर घालतो, तूर पेरतो, कोळपणी करतो, आणि मग आभाळाकडे पाहतो. पाऊस आपल्या हातचा नाहीं हें त्याला शिकवावें लागत नाहीं. आणि तेवढ्यासाठीं त्यानें पेरणी टाकल्याचेंहि कोणी पाहिलें नाहीं.

आम्ही आहों तेथेंच आहों. देव तेच, पूजा तीच, काकूंचें सोंवळेंहि तेंच. बदललें तें एवढेंच कीं ताम्हनाशेजारचे हरभरे गेले. आणि आरती झाल्यावर बंधु तेथेंच चार क्षण डोळे मिटून बसतात. पहिल्या वर्षीं घरांतल्या बायकांस तें विचित्र वाटे. आतां त्यांतल्या दोघी-तिघी हातचें काम टाकून येऊन बसतात. कोणी कोणास काय म्हणतेस असें विचारीत नाहीं.

गेल्या एकादशीस नातवानें मात्र विचारलें. बंधूंनीं त्याला जवळ घेतलें आणि म्हणाले, “काय हवें तें सांग, तुझ्याच शब्दांत सांग, आणि मग खेळायला जा.” पोरानें आधीं गणिताच्या परीक्षेचें सांगितलें. मग जरा थांबून, शाळेंत त्याच्या बांकावर बसणारा एक मुलगा कावीळ होऊन घरीं पडला आहे, त्याचें नांव घेतलें. “झालें,” असें म्हणून तो उठला आणि अंगणांत पळाला.