चाकांवरचा पाया

घर घ्यायचं म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला : कार्पेट किती? दुसरा : पार्किंग आहे का? त्यामुळे पोर्टलंडच्या माझ्या मावसभावाने ‘घरासाठी सेकंडहॅण्ड ट्रेलर बघतोय’ असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या मावशीला वाटलं, पोरगं नोकरी सोडून ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पडलं!

तसं काही नाही. हा अमेरिकेतला ‘टायनी हाऊस’चा फंडा आहे. जे शेफर नावाच्या माणसाने १९९९ मध्ये आयोवात चाकांवर एक चिमुकलं घर बांधलं आणि पुढे ही लाटच आली. चाकं कशाला? तर तिथल्या बऱ्याच गावांत घर किमान अमुक एवढं मोठं हवं, असा नियम असायचा. खाली चाकं लावली की ते घर नाही, वाहन! पोर्टलंडने तर २०२१ मध्ये अशा घरांत निवासी प्लॉटवर राहायला रीतसर परवानगी दिली.

आता यात सेकंडहॅण्डचा मोह कुणालाही होणारच. नवा ट्रेलर महाग आणि चाकांवरच्या घराला नेहमीचं होमलोन मिळत नाही. सगळा पैसा खिशातला. पण मंडळी, इथेच सांभाळायचं. खिडकी चुकली तर बदलता येते. घराखालचा ट्रेलर कसा बदलणार? म्हणून भावाने फोटो पाठवायला सुरुवात केल्यावर मी एकच कसोटी लावली : वर घर उभं राहिल्यावर ही गोष्ट बदलता येईल का? येत असेल, तर घासाघीस करायची. नसेल, तर सरळ नमस्कार!

पहिलं गणित वजनाचं. प्रत्येक ट्रेलरवर एक पट्टी असते. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रेलरसकट जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा असतो. समजा, साडेतीन हजार पौंडांचे दोन अ‍ॅक्सल आहेत आणि पट्टीवर ७,००० पौंड, म्हणजे सुमारे ३,१७५ किलो, लिहिलंय. त्यातले २,००० पौंड ट्रेलरचेच गेले. उरले ५,०००. त्यात भिंती, छप्पर, किचन, पाण्याची टाकी, तुमची पुस्तकं आणि तुम्ही! वीस फुटी लाकडी घर आठ-दहा हजार पौंडांवर आरामात जातं. म्हणजे हा ट्रेलर कितीही देखणा असला तरी बाद. पट्टीच नसेल, तर विकणाऱ्याच्या ‘अहो, काहीही पेलतो’वर अजिबात जाऊ नका.

दुसरा प्रश्न जातकुळीचा. भावाला सर्वांत स्वस्त मिळत होता तो जुन्या कॅरॅव्हॅनचा सांगाडा. वरचा डबा काढायचा, खाली आयता ट्रेलर! पण तो सांगाडा पातळ पत्र्याच्या हलक्या डब्यासाठी बनवलेला असतो, लाकडी घरासाठी नाही. गाड्या वाहणारे ट्रेलर दणकट असतात, पण त्यातल्या अनेकांची मागची बाजू गाडी चढवायला उतरती केलेली असते. त्यावर सपाट जमीन करायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिसरा प्रकार चाकांच्या वर फळी असणारा. रुंदी मस्त मिळते, पण फळी उंच जाते. बऱ्याच राज्यांत खास परवान्याशिवाय रुंदी साडेआठ फूट आणि उंची साडेतेरा फूट एवढीच चालते आणि ती उंची रस्त्यापासून मोजतात. खाली गेलेला प्रत्येक इंच तुमच्या माळ्यावरच्या बेडरूममधून कापला जातो. रोज सकाळी उठताना डोकं आपटायचं की नाही, ते इथेच ठरतं, बॉस!

आता प्रत्यक्ष पाहणी. ताज्या काळ्या रंगाला भुलू नका. वरून कीर्तन, आतून तमाशा असू शकतो. टॉर्च घेऊन खाली झोपा. वरवरचा लालसर गंज घासून निघतो. हातोडीने टकटक केल्यावर पोपडे निघत असतील, भोकं पडली असतील किंवा वेल्डिंगच्या सांध्यांत भेगा असतील, तर उठा आणि कपडे झटका. मग टेप काढा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन्ही कर्ण मोजा. आपले गवंडी ज्याला ‘गुण्यात असणं’ म्हणतात, ते हेच. कर्ण जुळत नसतील तर चौकट वाकलीय. मग भिंती, दारं सगळंच वाकडं.

पाट्यांवरचे बहुतेक स्टीलचे अ‍ॅक्सल रिकामे असताना मध्ये किंचित वर उचललेले असतात. ते खाली झुकलेले दिसले, तर आधीच्या मालकाने बैलावर दुप्पट ओझं लादलं होतं, असं समजा. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर घराखाली नको. ब्रेक, बेअरिंग, दिवे हे सगळं बदलता येतं, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

आणि कागदपत्रं! चेसिसवर कोरलेला व्हीआयएन नंबर टायटलवरच्या नंबराशी जुळला नाही, तर चहासुद्धा न पिता निघा. चोरीच्या ट्रेलरवर घर बांधलंत, तर पोलीस ट्रेलर नेतील आणि वर तुमचं घर!

भावाने आतापर्यंत चार ट्रेलर नाकारलेत. पाचव्याची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च आम्ही मिळून मांडला, तेव्हा नवा ट्रेलर फार लांब नव्हता. जुनं घेण्यात कमीपणा नाही. पण बेरीज नव्याच्या आसपास पोचत असेल, तर नवाच घ्या. जुना घ्यायचाच झाला, तर चौकट, अ‍ॅक्सल आणि कागद या तिन्हींत तडजोड नको. बाकी गंज लागलेले बोल्ट आणि फुटके दिवे... ते खुशाल घ्या. भाव पाडायला तेच तर कामाला येतात!