मेंढीचे दूध केवळ मापानेच जोखावे काय?



फ्रान्समधील ज्या लाकोन मेंढीचा दाखला देऊन गतांकातील पत्रलेखकांनी ‘अधिक दूध देणारी तीच उत्तम’ असा निवाडा दिला आहे, तिचाच इतिहास त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. रोकफोर चीज याच जातीच्या कच्च्या दुधाचे होते. आणि दुधाचे परिमाण व त्यातील स्निग्धांश-प्रथिनांची टक्केवारी यांचा आनुवंशिक संबंध व्यस्त असल्यामुळे, नुसत्या मापावर मेंढे निवडल्यास चरवी भरते, परंतु त्या मानाने चीज उतरत नाही, हे ओळखून तेथील पैदासकारांनी १९८० नंतर या घटकांचा, आणि पुढे कासेची ठेवण व कासदाहाचा प्रतिकार यांचाही निकषांत अंतर्भाव केला. ती खबरदारी अनाठायी नव्हती. २०१५ साली याच जातीत ‘सॉक्स-२’ (SOCS2) जनुकातील असा एक बदल प्रसिद्धीस आला, की जो मेंढीचा देह व दूध वाढवितो आणि सोबत कासदाहाची प्रवणताही; एकाच दप्तरी जमा आणि खर्च! मेंढा स्वतः दूध देत नाही (हे सांगणे नलगे). त्याची पारख कन्यांच्या व नात्यातील इतर मेंढ्यांच्या नोंदींच्या आधारे व्हावयाची. तेव्हा त्या नोंदवहीत लिटरांखेरीज कोणते रकाने असावेत, याचा खुलासा पत्रलेखकांनी अवश्य करावा.

आपला,
एक वर्गणीदार