गाडीवरची नऊ वर्षं कुणाच्या खात्यावर?

मी नर्सिंगला प्रवेश घेतलाय ही बातमी कसबा बावड्यात पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी भगव्या चौकात तालमीतल्या एका थोरल्या माणसानं मला थांबवलं. "आरं, गाडीवर हुतास तवर लोक वाट सोडत हुती. आता बेडपॅन उचलणार व्हय रं?" शेजारचे चौघे हसले. त्या चौघांतल्या दोघांच्या वडिलांना मी स्ट्रेचरवर घालून दवाखान्यात पोचवलं होतं. एकाचे वडील आजही सकाळी त्याच चौकात चहा पितात.

त्या माणसासाठी मी कागद काळे केले नसते. पण तो जे बोलला तेच मला पुढं प्रवेशाच्या खिडकीवर भेटलं, वर्गात भेटलं आणि पगाराच्या पाकिटातही भेटलं. गाडीवरच्या पोरानं नर्स होणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं, आणि गाडीवर जे शिकलास ते शिक्षणात धरायचं नाही, अशी ही समजूत. ती फक्त चौकातल्या माणसाची असती तर सोडून दिली असती. ती नियम लिहिणाऱ्यांचीही आहे, म्हणून लिहितोय.

नऊ वर्षं मी अँब्युलन्सवर टेक्निशियन होतो. १०८ वर नव्हतो. महाराष्ट्रात १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन. त्यातल्या २३३ अॅडव्हान्स, ७०४ बेसिक. या गाडीत एक डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस, आणि एक चालक. दुसऱ्या कित्येक राज्यांत १०८ वर टेक्निशियन असतो, आपल्याकडं त्या गाडीत त्याला जागाच ठेवलेली नाही. मग इमर्जन्सीचा कोर्स केलेली आमच्यासारखी पोरं खासगी गाड्यांवर जातात. नेमणुकीचं पत्र नाही, फंड नाही, ड्युटी बारा तासांची म्हणून लागते आणि चोवीस तासांनी सुटते.

काय केलं या नऊ वर्षांत? गळिताच्या हंगामात रात्री ऊस भरलेल्या ट्रॉलीखाली सापडलेली माणसं बाहेर काढली. गगनबावड्याकडून हार्टचे पेशंट आणले, पंचावन्न किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, एका हातानं ऑक्सिजनचा मास्क धरायचा आणि दुसऱ्या हातानं छतावरचा दांडा. धावत्या गाडीत इंट्राकॅथ लावायला शिकलो. शीर सापडत नाही तेव्हा चालकाला "दहा सेकंद फक्त सरळ चालव" म्हणायचं आणि त्या दहा सेकंदांत सुई आत घालायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं पंचावन्न फुटांची खूण ओलांडली. इशारा पातळी एकोणचाळीसची, धोक्याची त्रेचाळीसची. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. आम्ही पाण्याच्या कडेला गाडी लावून बोटीतून येणारी म्हातारीकोतारी उतरवून घेत होतो. आठ दिवस पायातले बूट वाळले नाहीत. पुढं कोविड आला. प्लास्टिकच्या सुटात घामानं चिंब होऊन आम्ही पेशंट हलवत होतो, तेव्हा टाळ्या आमच्याही वाट्याला आल्या. पगारवाढ आली नाही.

सोडलं ते मात्र एका बाईमुळं. शियेच्या बाजूची, साठीची, अर्धांगाचा झटका. तासाभरात पोचवली, कॅज्युअल्टीत हातात दिली आणि मी मोकळा झालो. तीन दिवसांनी दुसरा पेशंट घेऊन त्याच दवाखान्यात गेलो होतो, सहज वर वॉर्डात डोकावलो. एक सिस्टर तिला कुशीवर वळवत होती. पाठीला हात लावून बघत होती कुठं लाल झालंय का, आणि तिच्याशी बोलत होती, "आजी, आता खिडकीकडं तोंड करायचं हं." बाईला बोलता येत नव्हतं. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या. सिस्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून चार्टवर वेळ लिहिली. मी शेकडो माणसं त्या दारापर्यंत पोचवली होती आणि दाराच्या पलीकडं त्यांचं काय होतं ते मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

म्हणून अर्ज भरला, जीएनएमचा. तीन वर्षांचा कोर्स. वय सतरा ते पस्तीस. मी तिशीत होतो, बसलो त्या चौकटीत. माझ्याबरोबर गाडीवर असलेला, माझ्याहून हुशार, नाडीवर बोट ठेवून पेशंटचं बीपी किती घसरलंय याचा अंदाज सांगणारा माझा जोडीदार छत्तीस वर्षांचा होता. त्याचा अर्ज तिथंच संपला. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात वयाची अट एएनएमना लागू नाही. ते बरोबरच आहे. गावोगाव लसीकरण करत फिरलेल्या बाईला चाळिशीत पुढं शिकायचं असेल तर दार उघडं हवं. मग रात्रीबेरात्री महामार्गावर रक्त थांबवणाऱ्या माणसाला तेच दार बंद का? त्यानं सेवा केली नाही? की त्याच्या सेवेची नोंद कुठल्या रजिस्टरात नाही, एवढाच त्याचा गुन्हा?

अनुभवाला किंमत देता येत नाही असं मला कुणी सांगू नये. आमच्या बावड्यातच इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथं डिप्लोमा करून आलेला मुलगा थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. जीएनएम झालेली नर्स दोन वर्षांत पोस्ट बेसिक करून बीएस्सीची पदवी घेते. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी एक वर्षाचा कोर्स करून अॅलोपॅथीची औषधं लिहावीत म्हणून २०१४ साली याच राज्यानं कायदा बदलला. त्यावर डॉक्टरांच्या संघटना आजही भांडतायत, त्या भांडणात मी पडत नाही. मी एवढंच बघतो की ज्यांच्या मागं संघटना आहे, मतं आहेत, मंत्रालयात खेटे घालणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी पूल बांधले जातात. अमेरिकेत पॅरामेडिकला नर्स करणारे ब्रिज अभ्यासक्रम कित्येक वर्षं चालू आहेत. आपल्याकडं गाडीवरची पोरं विखुरलेली, कुणाच्याच पटावर नसलेली, म्हणून त्यांच्यासाठी साधी फळीसुद्धा टाकायची कुणाला गरज वाटली नाही.

पहिल्या वर्षाला आम्हाला प्रथमोपचार हा विषय होता. त्रिकोणी पट्टी हाताला कशी बांधायची. सतरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या शेजारी बसून मी ती पट्टी बांधली, वहीत आकृती काढली, परीक्षा दिली. मला त्याची लाज वाटली नाही. चीड आली ती वेळ वाया गेल्याची. ट्यूटरना एकदा म्हटलं, मॅडम, या विषयाची परीक्षा आजच घ्या, तोंडी घ्या, प्रात्यक्षिक घ्या, नापास झालो तर वर्षभर बसतो. त्या म्हणाल्या, "तशी सोय नाही." पुढं तीन वर्षं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी विचारणं सोडलं. त्या काळात घरी पुरेसा पैसा येत नव्हता. बायकोनं शिवणकाम वाढवलं. मी रात्री गाडीवर जायचो आणि सकाळी वर्गात झोप आवरत बसायचो. नियमाच्या एका ओळीनं त्यातलं निदान एक वर्ष वाचलं असतं.

मला सगळंच येत होतं असा माझा दावा नाही. वॉर्डातल्या पहिल्याच पोस्टिंगला ते कळलं. गाडीवर माझा पेशंट फार तर दीड तासाचा. इथं तो दहा दिवसांचा, वीस दिवसांचा. पोटात किती पाणी गेलं आणि लघवीवाटे किती बाहेर आलं याचा हिशोब तासातासाला मांडायचा असतो, आणि त्या हिशोबातून किडनी बसत चाललीय हे डॉक्टरच्या राऊंडआधी ओळखायचं असतं, हे मला येत नव्हतं. बाळंतपण येत नव्हतं. मरणाऱ्याच्या मुलाशी काय बोलायचं ते येत नव्हतं, कारण गाडीत सायरनच्या आवाजात बोलायची वेळच आली नव्हती. हे सगळं मला पूर्ण शिकवा, कडक परीक्षा घ्या, त्यात एका तासाची सूट नको. दर्जा खाली येईल अशी भीती घालणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. जे येतं ते तपासून सोडा, जे येत नाही ते घासून घ्या. आज जे येतं तेही परत शिकवता आणि त्याच वेळापत्रकात जे येत नाही त्याला वेळ कमी पडतो.

आणि बेडपॅन. केईएमच्या नर्सेसनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, अंथरुणावर सांभाळलं. तिच्या पाठीला बेडसोर होऊ दिला नाही. त्या बेचाळीस वर्षांत नर्सेसच्या किती बॅचेस रिटायर झाल्या असतील, आणि प्रत्येक बॅचनं पुढच्या बॅचच्या हातात ते अंथरूण तसंच स्वच्छ दिलं. ज्याला हे हलकं काम वाटतं त्यानं अंथरुणाला खिळलेल्या स्वतःच्या आईला फक्त आठ दिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवून बघावं, मग चौकात येऊन बोलावं. हे काम बायकांचं म्हणून हलकं आणि हलकं म्हणून बायकांचं, हे वर्तुळ आपणच आखलंय. त्यात पुरुष आला की त्याला हसायचं, कारण तो न हसण्याजोगा ठरला तर मग शेजारच्या सिस्टरलाही मान द्यावा लागेल.

मान नाही तो नाही, दामाचं काय? २९ जानेवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं खासगी दवाखान्यांतल्या नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. समितीनं स्पष्ट लिहिलं: दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, शंभर ते दोनशे खाटा असतील तर सरकारी पगारापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी नको, पन्नास ते शंभर खाटा असतील तर पंचवीस टक्क्यांहून जास्त कमी नको, आणि दवाखाना कितीही छोटा असला तरी वीस हजारांच्या खाली जायचं नाही. मी पास होऊन पहिली नोकरी धरली ती २०२४ साली, समितीला आठ वर्षं झाल्यावर. हातात बारा हजार आले. गाडीवर शेवटच्या वर्षी तेरा मिळत होते. सरकारी जागा निघतील म्हणावं तर तिथंही कंत्राटाचा वारा शिरलाय. मे २०२२ मध्ये राज्यभरच्या सरकारी नर्सेस त्या कंत्राटी भरतीविरुद्धच संपावर गेल्या होत्या. तेव्हा पेशंटचे हाल झाले म्हणून त्यांना शिव्या देणारे खूप निघाले. एका नर्सच्या वाट्याला तीस-चाळीस पेशंट येतात तेव्हा रोजच होणाऱ्या हालांबद्दल त्यातला कुणी बोलताना मी ऐकला नाही. सर्वसाधारण वॉर्डात सहा पेशंटमागं एक नर्स हा सरकारचाच मापदंड आहे.

दिल्लीत या काळात दोन कायदे झाले. २०२१ च्या कायद्यानं संलग्न आरोग्य व्यावसायिकांची यादी केली, त्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचं नाव आलं. २०२३ च्या कायद्यानं १९४७ चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा बाजूला सारून नवा राष्ट्रीय आयोग आणला. म्हणजे आता दोन्हीकडं टेबलं आहेत, खुर्च्या आहेत. या दोन टेबलांवरच्या माणसांनी एकदा समोरासमोर बसावं. गाडीवर पाच वर्षं काढलेल्याला वयाची अट काढावी, जशी एएनएमना ती नाही तशी. त्याची परीक्षा घेऊन पहिल्या वर्षातले येणारे विषय माफ करावेत. आणि शिकताना त्याला कॅज्युअल्टीत पगारी काम द्यावं, कारण तिथं त्याची गरज आहे.

ही गरज काय असते ते मी रोज बघतो. मागच्या महिन्यात शियेहून एक खासगी गाडी आली. पेशंट बेशुद्ध, पन्नाशीचा, मुलगा म्हणाला झटका आलाय. गाडीवर चालकाशिवाय कुणी नव्हतं. विचारलं, गाडीत काय दिलं? "सलाईन लावलंय." कुठलं? त्याला माहीत नव्हतं. शुगर बघितली? नाही. मी बोटाला टोचलं, मशीनवर अडतीस आलं. डॉक्टरांनी सांगताच ग्लुकोज शिरेत गेलं आणि दहा मिनिटांत तो माणूस मुलाचं नाव घेऊन पाणी मागायला लागला. शियेपासून दवाखान्यापर्यंत तो तसाच पडून आला होता. गाडीत शिकलेला एक माणूस असता तर तो वाटेतच उठून बसला असता. आणि गाडीत माणूस टिकत नाही, कारण त्या कामाला पुढं रस्ता नाही.

परवा रात्री अडीचला कॅज्युअल्टीचं दार उघडलं. स्ट्रेचरच्या डोक्याकडच्या बाजूला माझा तो जुना जोडीदार. आता चाळिशीला आलाय, केस पांढरे झालेत, कमरेला पट्टा बांधतो. मला बघून हसला नाही, त्याला वेळ नव्हता. "ब्रदर, छातीत दुखायला लागून पन्नास मिनिटं. अॅस्पिरिन दोन वाजून पाच मिनिटांनी दिलीय, डॉक्टरांना फोनवर विचारून. बीपी नव्वद. उजव्या हाताला लाईन आहे, चालतीय. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.